बाटली नंबर ५३एन : बोटॉक्सचं खानदान आणि परळची एक लस

(एपिसोडचं लेखी रूप. ऐकताना निसटलेली नावं आणि साल इथे नीट वाचता येतील.)



मीरा रोड स्टेशनला पूर्वेला उतरून नया नगरकडे चालायला लागा आणि फक्त पाट्या वाचत जा. बिर्याणी, मोबाईल रिपेअर, कोचिंग क्लास, दातांचा दवाखाना, हेअर ट्रान्सप्लांट, आणि हल्ली अधूनमधून एक शब्द: बोटॉक्स. हा शब्द आता आपल्याला इतका सवयीचा झालाय की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. माणसाला माहीत असलेल्या विषांमध्ये सगळ्यात जालीम विष. आणि ते आपण पैसे देऊन कपाळात टोचून घेतो.

आज या विषाच्या खानदानाची गोष्ट सांगणार आहे. त्यातला मधला आणि मोठा भाग आपल्या मुंबईत घडतो. लोकलने प्रभादेवीला उतरून चालत जाता येईल अशा ठिकाणी, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. आणि त्या भागाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, एक बाटली आहे. तिच्यावर नंबर होता ५३एन.

हवा नको असलेले जंतू

आधी खानदानाची ओळख. क्लॉस्ट्रिडियम नावाचं जंतूंचं एक घराणं आहे. राहायचं ठिकाण म्हणजे माती, चिखल, जनावरांचं आतडं, धूळ. थोडक्यात सगळीकडे. या मंडळींना ऑक्सिजन चालत नाही. हवा असली की ते वाढत नाहीत. पण मरतही नाहीत. स्वतःभोवती एक टणक कवच करून बसून राहतात. त्याला बीजाणू म्हणतात, इंग्रजीत स्पोअर. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. म्हणून डबाबंद अन्नाच्या कारखान्यात १२१ अंशांपर्यंत दाबाखाली तापवावं लागतं.

आणि मग कधीतरी त्यांना हवी तशी जागा मिळते. ओलसर, अन्न असलेली, आणि हवा नसलेली. म्हणजे काय? खोल जखम. घट्ट बंद बरणी. सीलबंद बाटली. आपण ज्याला ‘एकदम पॅक, एकदम सेफ’ म्हणतो, तेच यांचं घर.

या घराण्यातले दोघे भाऊ आज महत्त्वाचे. एक बोट्युलिनम, ज्याच्या विषाने बोट्युलिझम होतो. दुसरा टेटनी, ज्याने धनुर्वात होतो. दोघांचे आजार बघितले तर एकदम उलटे. बोट्युलिझममध्ये माणूस लुळा पडत जातो. आधी पापण्या खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, मग छातीचे स्नायू थांबतात. ताप बहुधा नसतो आणि शुद्ध शेवटपर्यंत असते. धनुर्वातात याच्या उलट. जबडा आवळतो, पाठ ताठ होते, अंग धनुष्यासारखं वाकतं. आपल्या भाषेने आजाराचं नावच त्यावरून ठेवलं.

आता गंमत बघा. आपली नस स्नायूला निरोप देते तो रसायनाच्या छोट्या छोट्या थैल्यांमधून. थैली नसेच्या टोकाला येऊन चिकटते आणि फुटते. तिला चिकटवायला काही प्रथिनं लागतात. ही दोन्ही विषं म्हणजे त्या प्रथिनांवर चालणाऱ्या कात्र्या आहेत. १९९२ मध्ये इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी दाखवून दिलं की धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचं ‘बी’ प्रकारचं विष एकाच प्रथिनाला, तेही अगदी एकाच जागी कापतं. मग परिणाम उलटा का? कारण जागा वेगळी. बोट्युलिनमचं विष स्नायूजवळच्या टोकाला थांबतं आणि ‘आकुंचन पाव’ हा निरोप बंद करतं. धनुर्वाताचं विष नसेतून वर चढत पाठीच्या कण्यापर्यंत जातं आणि ‘आता पुरे, सैल हो’ सांगणाऱ्या नसा बंद करतं. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, फक्त वेगळ्या सर्व्हरवर टाकलेला.

सॉसेज, हॅम आणि एक बँड

बोट्युलस म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गमध्ये युस्टिनस केर्नर नावाचा एक डॉक्टर होता, कवीही होता. १८२० आणि १८२२ मध्ये त्याने सॉसेज खाऊन लुळे पडलेल्या माणसांच्या नोंदी छापल्या. विष स्वतः चाखून बघण्यापर्यंत त्याची मजल गेली. हवा नसलेल्या जागीच हे विष तयार होतं हे त्याने ओळखलं, आणि अंग अनावर हलणाऱ्या रुग्णांना हेच विष अगदी थोडं दिलं तर उपयोग होईल, असंही लिहून ठेवलं. जंतू म्हणजे काय हे जगाला कळायच्या आधीची गोष्ट आहे ही.

जंतू सापडला तो बेल्जियममध्ये. डिसेंबर १८९५, एलझेल नावाचं गाव. एका अंत्ययात्रेत वाजवून झाल्यावर बँडवाले जेवायला बसले. जेवणात खारवलेलं हॅम होतं. त्यातले बरेच जण आजारी पडले, तिघे गेले. गेंट विद्यापीठातले एमिल फान एर्मेन्गेम यांनी तपास केला. ते हॅम मिठाच्या पाण्याखाली, हवेपासून तुटलेलं पडून होतं. त्यातून आणि मृताच्या अवयवातून त्यांनी जंतू वेगळा काढला आणि १८९७ मध्ये सविस्तर छापलं.

आता हे साल लक्षात ठेवा. १८९७. आणि चला मुंबईत.

भायखळा ते परळ

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एका रुग्णात प्लेग दिसला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान पुण्याकडचं तरी. घराघरात शिरून तपासणी, रँड, चापेकर बंधू, जून १८९७. शाळेच्या पुस्तकात प्लेग आपल्याला तिथेच भेटतो. पण त्याच महिन्यांत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक माणूस वेगळ्याच कामाला लागला होता.

वाल्डेमार हाफकिन. ओडेसाचा, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. कॉलऱ्याची लस घेऊन आधीच कलकत्त्यात आलेला. सरकारने त्याला मुंबईला बोलावलं. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा. तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्रयोग झाला.

लोक घाबरणारच ना! सरकारवर विश्वास नाही, सुईवर तर त्याहून नाही. तेव्हा मदतीला आले तिसरे आगाखान, सुलतान महंमद शाह. वय जेमतेम १९. त्यांनी चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली आणि आपल्या खोजा जमातीला सांगितलं, घ्या. प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आज ज्याला आपण हाफकिन म्हणतो ती हीच वास्तू. हे नाव मात्र तिला १९२५ मध्ये मिळालं.

मुल्कोवाल, ३० ऑक्टोबर १९०२

प्लेग उत्तरेला पसरला. पंजाब सरकारला लाखोंनी डोस हवे होते आणि सगळा भार परळवर. उत्पादन वाढवायचं म्हणून हाफकिनने पद्धतीत बदल केला. आधी लसीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक ॲसिड घालत, ते वगळलं आणि उष्णतेवर भर दिला. म्हणजे डिमांड वाढली म्हणून प्रोसेसमधली एक पायरी कमी झाली. अशा बदलांच्या कथा आपल्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीच्या वाटतील.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. साधारण आठवड्याने त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकोणीसही गेले. ज्या प्लेगपासून वाचायला त्यांनी हात पुढे केला होता, तो त्यांना झालाही नव्हता.

वही काढली तेव्हा दिसलं की या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. परळला भरलेली, नंबर ५३एन. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. प्रश्न एकच होता: धनुर्वाताचा जंतू बाटलीत कधी शिरला? परळला भरताना, की मुल्कोवालला उघडताना? आयोगाने निष्कर्ष काढला की बाटली उघडण्याआधीच दूषित होती. एक तर निर्जंतुकीकरण कमी पडलं असेल, नाहीतर मोठ्या फ्लास्कमधून लहान बाटल्या भरताना घोळ झाला असेल. कार्बोलिक वगळल्याचा ठपकाही आला. हाफकिनला कामावरून दूर केलं. १९०४ मध्ये तो भारत सोडून गेला. ज्या माणसाचं नाव आज त्या इमारतीवर आहे, त्याला तिथून असं जावं लागलं.

पण नोंदींमध्ये आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी गावात बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. मातीवर. तो ज्योतीवर धरून तापवायला हवा होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून परत वापरला गेला.

मातीत काय असतं ते आपण सुरुवातीलाच बघितलं.

हाफकिनच्या बाजूने उभे राहिले ते जंतुशास्त्रज्ञ. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस त्यात पुढे. त्यांचा तर्क आजही वाचण्यासारखा आहे. जंतू परळलाच शिरला असता तर बंद बाटलीत, हवा नसताना, त्याला वाढायला कित्येक दिवस मिळाले असते. धनुर्वाताचा जंतू वाढला की घाण वास सुटतो. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना वास आला नव्हता. शिवाय तयार विष आयतं टोचलं गेलं असतं तर लक्षणं लवकर दिसली असती, आठवडा गेला नसता. म्हणजे टोचले गेले ते ताजे बीजाणू. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस, सायमन फ्लेक्सनर आणि इतर नामवंतांच्या सह्यांचं पत्र आलं. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिनवरचा ठपका निघाला. तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. परळची गादी गेली ती गेलीच. १९१४ मध्ये निवृत्त झाला.

या सगळ्यात पंजाबातली लसमोहीम कोसळली. अफवा रेल्वेपेक्षा वेगाने धावल्या, आणि प्लेग थांबला नव्हता. ५३एनची खरी किंमत १९ जीवांवर थांबत नाही. त्यानंतर लस नाकारून जे प्लेगने गेले, त्यांची गणती कुठल्याच आयोगाने केली नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बाटलीवरचा नंबर. कोणाला कुठल्या बाटलीतून दिलं हे कोणीतरी उन्हात बसून वहीत लिहिलं होतं. ते लिहिलं नसतं तर ‘लसीने माणसं मरतात’ एवढंच उरलं असतं. हाफकिनवर आरोप ज्या नोंदीमुळे झाला, तो सुटलाही त्याच नोंदींवर वाद घालून. आणि आयोगाला जे ठरवताना त्रास झाला, बाटली उघडण्याआधी की नंतर, त्याचं उत्तर आज अगदी साधं आहे. सरकारी केंद्रावर बाळाला लस द्यायला नेलंत तर जास्त डोसच्या बाटलीवर नर्स पेनाने काहीतरी लिहिताना दिसतील. बाटली उघडल्याची तारीख आणि वेळ. गोवराची लस उघडून चार तास झाले की उरलेली फेकतात. सुई एकदाच वापरता येते, परत दांडा ओढला जात नाही. या नियमांमागे मुल्कोवालसारखी बरीच गावं आहेत.

विषाचं औषध

धनुर्वाताच्या विषावर उतारा आधीच निघाला होता. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की प्राण्याला थोडं थोडं विष देत गेलं तर त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं. मग घोडे आले. पिंपरीला हाफकिनच्या घोड्यांपासून अशी प्रतिविषं तयार होत आली आहेत. बोट्युलिझमचं प्रतिविषही असंच घोड्यांपासून मिळतं. पण त्याला एक मर्यादा आहे. रक्तात मोकळं फिरणारं विष ते पकडतं, नसेत शिरलेलं नाही. म्हणून उशीर चालत नाही, आणि तोवर रुग्ण व्हेंटिलेटरवर जगवावा लागतो. आठवडे, कधी महिने.

आणि केर्नरने लिहिलेलं ते, थोडं विष औषध म्हणून? ते खरं व्हायला दीडशे वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोत ॲलन स्कॉट हे डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी दुसरा उपाय शोधत होते. १९७३ मध्ये त्यांनी माकडांवरचे प्रयोग छापले, मग माणसांवर उपचार सुरू केले. ओढून धरणाऱ्या स्नायूत विषाचा अगदी किंचित थेंब. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तिरळेपणासाठी आणि डोळे आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी. सुरकुत्या नंतर आल्या. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्या जातायत. त्यांचे पती ॲलास्टर त्वचेचे डॉक्टर. पुढचा धंदा तुम्हाला माहीत आहे. पण सेरेब्रल पाल्सीमुळे टाच न टेकणारी मुलं, मान एका बाजूला वळलेली माणसं, जुनी मायग्रेन, या सगळ्यांना याच बाटलीचा आधार आहे. सुरकुत्यांच्या जाहिरातीत ते दिसत नाही इतकंच.

बाटलीचा नंबर इथेही लागतो. नोव्हेंबर २००४ मध्ये फ्लोरिडात चार जणांना बोट्युलिझम झाला. कारण टोचलेलं विष मान्यताप्राप्त औषध नव्हतंच, प्रयोगशाळेसाठी विकलेलं कच्चं विष होतं. तेव्हा कोणी स्वस्तात बोटॉक्स देतो म्हटलं तर लाजू नका. बाटली दाखवा म्हणा. कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी. फोटो काढून ठेवा. आणि टोचणारा खरा डॉक्टर आहे ना, तेही बघा.

आपल्या घरात

‘हे सगळं सॉसेज-हॅमवाल्यांचं, आपल्याकडे कुठे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली, १९९६, गुजरात. एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले. संशय कशावर? बेसनाच्या शेवेवर. शेवेत जो जंतू सापडला तो बोट्युलिनम नव्हताच. घराण्यातला दुसराच एक, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम, पण विष तेच बनवणारा. आपलं लोणचं सहसा का बिघडत नाही? लिंबू, कैरी, मीठ. आंबटपणा पुरेसा असला की हे जंतू वाढत नाहीत. पण हल्ली रील बघून लसूण नुसत्या तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवतात ना, त्यात आंबट काही नाही आणि हवाही नाही. १९८५ मध्ये व्हँकुव्हरमध्ये अशाच तेलातल्या लसणाने ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. वास, चव, रंग यावरून विष ओळखू येत नाही. तेव्हा असं तेल ताजं करा, फ्रीजमध्ये ठेवा, लवकर संपवा. फुगलेला डबा चाखूनही बघू नका.

दुसरी गोष्ट बाळांची, आणि ही मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. नवं बाळ घरी आलं की मध चाटवायचा ही रीत आपल्याकडे सगळ्यांत आहे. कुठे सोन्याच्या अंगठीने, कुठे घुट्टी म्हणून. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना वाढू देत नाही, बाळाचं देतं. तिथेही हवा नाहीच. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. आधी बाळाला शी होत नाही, मग रडणं बारीक होतं, चोखायची ताकद जाते, मान पडते. आमच्या मजल्यावरच्या खालांना नात झाली तेव्हा त्या मधाची बाटली घेऊनच बसल्या होत्या. मी म्हटलं, “खाला, वर्षभर थांबा, मग खुशाल द्या.” त्या म्हणाल्या, “आम्ही सगळ्यांना चाटवला, काय झालं?” बरोबर आहे. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. पण मुल्कोवाललाही ८८ जणांना काही झालं नव्हतं. कुठल्या बाटलीत काय आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि वर्षभर थांबायला काही खर्च नाही. शेवटी त्यांनी खजूर मऊ करून बोटाच्या टोकाएवढा जिभेला लावला. रीतही झाली.

आणि रीती बदलतात बरं का. नाळेला शेण किंवा राख लावायची पद्धत आपल्या आज्यांच्या काळात सर्रास होती, आणि त्यातून नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा. गरोदर बायांना दोन इंजेक्शनं, स्वच्छ ब्लेड, दवाखान्यात बाळंतपण, एवढ्यावर २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात यांच्यातल्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ज्या जंतूने मुल्कोवालला १९ माणसं मारली, त्याच्यावरची ही जीत लसीच्याच सुईने मिळवली.

तर मंडळी, ज्यांच्या घरी बाळ आहे किंवा येणार आहे त्यांना हा भाग पाठवा. आजी-नानींना हेडफोन लावून ऐकवा, मधाचा भाग आधी लावा. तुमच्याकडे बाळाला पहिल्या दिवशी काय चाटवतात ते मला कळवा, त्यावर एक वेगळा एपिसोड करायचा आहे. भेटू पुढच्या रविवारी. खुदा हाफिज, नमस्कार.